नव्या इमारतीत जिना कुठे आहे? सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
(आणि पुनर्विकासाच्या सह्या करायला बसलेल्या इतर सोसायट्यांच्या समित्याही.)

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी खाली पार्किंगमध्ये टेबलं मांडून बिल्डरच्या माणसांनी आपल्या नव्या इमारतीचे नकाशे दाखवले. सामोसे चांगले होते. जो तो आपापल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया बघत होता, मीही बघितला. मग त्या आर्किटेक्ट मुलाला विचारलं, "जिना कुठे आहे?" त्याला जरा शोधावं लागलं. लिफ्टच्या मागे, कचऱ्याच्या डक्टला लागून एक दार होतं, त्याच्या आत. खिडकी नाही. "मॅडम, दोन लिफ्ट आहेत की. जिना कोण वापरणार? तो फायरसाठी." मुलगा तिशीचा असेल. खाली पडलेला कागद उचलताना त्याने टेबलाला हात टेकला, हे आपलं माझ्या नजरेतून सुटलं नाही. सवय आहे.

पत्र खुलं लिहितेय, कारण बंद पाकिटातली माझी दोन पत्रं "नोंद घेतली" असा शेरा मिळून फाइलला लागली आहेत. पहिलं पत्र जिन्याच्या कठड्याबद्दल होतं, दुसरं गच्चीच्या किल्लीबद्दल. राग नाही. समितीचं काम बिनपगारी, आणि टँकरच्या पाण्यापासून कुत्र्यांच्या घाणीपर्यंत बोलणी तुम्हीच खाता. पण आता नकाशावर सह्या होतील आणि पुढची पन्नास वर्षं भिंत आहे तिथेच राहील, म्हणून सभेआधी बोलते.

"तुम्ही कोण सांगणाऱ्या?" असं कोणी विचारायच्या आत सांगून टाकते. डोंबिवलीच्याच एका शाळेत 31 वर्षं पीटी शिकवली, आणि त्यातली निम्मी वर्षं तोंडात शिट्टी धरून कडुनिंबाच्या सावलीत उभं राहून. मुलं पळायची, मी मोजायची. निवृत्त झाले, सोफा आणि टीव्ही यांच्याशी गट्टी जमली. वर्षभराच्या आतच शेजारच्या विंगमध्ये सत्यनारायणाला गेले, प्रसाद घेतला आणि उठायला गेले तर उठताच येईना. मांडी सोडली, एक गुडघा टेकला, हात काहीतरी शोधायला लागले. शेवटी पुढच्या बाईंच्या खांद्याला धरून उभी राहिले आणि "पायाला मुंग्या आल्या" म्हणाले. मुंग्याबिंग्या कसल्या. मांड्यांत जोरच उरला नव्हता. वय वर्षं 59.

त्या रात्री मला वाटलं, झालं, म्हातारपण आलं. ते म्हातारपण नव्हतं हे कळायला वेळ लागला.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातले साधारण 3 ते 8 टक्के स्नायू जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हे खरं. ते वयाचं देणं. पण त्यात बसून राहण्याचं देणं केवढं मिसळलेलं असतं, ते अमेरिकेत डॅलसला 1966 साली पाहिलं गेलं. विशीतली पाच धडधाकट मुलं घेतली आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. नंतर त्यांची दमश्वासाची ताकद मोजली, नोंदवली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीत असताना पुन्हा मोजली. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. मग त्या पन्नाशीच्या गृहस्थांना सहा महिने चालणं, हलकं पळणं, सायकल असं हळूहळू वाढवत दिलं, तर वयाने नेलेली दमश्वासाची ताकद परत आली.

मला सहा महिन्यांच्या वर लागले. सुरुवात स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस करण्यापासून. पहिल्या दिवशी चार झाल्या. मग पाण्याच्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन, मग एका पायावर उभं राहून दात घासणं (बेसिनला एक बोट टेकून, शहाणपणा करायचा नाही), आणि मग आपला जिना.

तर जिन्याकडे वळते.

आपल्या जिन्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत 57 पायऱ्या आहेत. दूध, भाजी, बँक, संध्याकाळचा फेरा अशा दिवसाला चार चढाया धरल्या तर सव्वादोनशेच्या वर पायऱ्या होतात. यासाठी मी ना फी भरते, ना बूट घालते, ना "आज कंटाळा आला" म्हणून सुट्टी घेऊ शकते, कारण घरच वर आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला होता. आपल्या बेस्टच्या होत्या तशाच बस. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या. राहणी एकच, पगारही फारसा वेगळा नाही. 1953 साली त्यांनी निष्कर्ष छापले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, झालाच तर उतारवयात व्हायचा आणि पहिल्या झटक्यात जाण्याचं प्रमाण कमी होतं. कोणी म्हणालं, मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील. तर मॉरिसनी गणवेशाच्या पँटींची मापं काढून तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या, आणि तेही त्यांनी लपवलं नाही, छापलं. तरी सडपातळ असो की ढेरपोट्या, कंडक्टर फायद्यातच राहिला. स्वतः मॉरिस 99 वर्षं जगले. ते असो, नव्याण्णव वर्षं जगण्यात नशिबाचाही वाटा असतो.

त्या कंडक्टरांपैकी कोणी "व्यायाम" करत नव्हतं. त्यांची बसच तशी बांधलेली होती. आणि आपण आता अशी इमारत बांधायला निघालोय की जिच्यात सगळेच ड्रायव्हर.

गैरसमज नको. लिफ्ट हवीच. तळमजल्यावरच्या आजोबांना पक्षाघातानंतर व्हीलचेअरवरून बाहेर आणताना दोन पायऱ्यांसाठी चार माणसं लागतात, ते मी पाहते. बायपास झालेले, गुडघे बदललेले, नवव्या महिन्यातल्या पोरी, या सगळ्यांना लिफ्ट मिळायला आपण फार उशीर केला. माझं म्हणणं जिना लपवू नका एवढंच आहे. प्रवेशद्वारातून आत आल्यावर जिना आधी दिसावा, लिफ्ट मग. प्रत्येक वळणावर खिडकी, दोन्ही बाजूंनी कठडा, सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, आणि संध्याकाळी सहाला आपोआप लागणारा दिवा. चौदाव्या मजल्यावरचा माणूस रोज चढून जाणार नाही, कबूल. पण पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्यावरचे जातील, वरचे निदान उतरतील, आणि जिना समोर असला की लिफ्टची वाट बघत मोबाइल चाळणारा एखादा आपसूक वळेल. अंधाऱ्या भोकात मात्र कोणी शिरणार नाही. शिरूही नये.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. वय 81. रोज साडेपाचला त्या खाली उतरतात. डावा हात कठड्यावर, उजव्यात कापडी पिशवी, पिशवीत फक्त चष्मा. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबतात, खिडकीतून शेवग्याला शेंगा किती लागल्या ते बघतात (खरं म्हणजे दम घेतात), मग उरलेल्या पायऱ्या. त्यांचा मुलगा गुणी आहे, रोज म्हणतो, "आई, तू कशाला उतरतेस, मी आणतो ना सगळं." त्याला मी दोनदा सांगितलं, बाबा, तू भाजी आणशील, पण तिचे पाय कसे आणशील? या वयात माणूस पडतो तो बहुतेकदा पायात ताकद आणि अंगात तोल उरत नाही म्हणून, आणि पडला की खुबा मोडतो. खुब्याला बॉल बसवून घरी आल्यावर किती जण पूर्वीसारखे चालू लागतात, ते आपल्याच आवारात मोजा. म्हणून तर पासष्टीनंतरच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून स्पष्ट सांगतेय. नुसतं सकाळचं "राउंड मारून येणं" पुरत नाही.

आणि उशीर वगैरे काही नसतो. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून मांडीचे व्यायाम वजन लावून करून घेतले. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 1990 साली छापून आलेली गोष्ट आहे, म्हणजे नवी नाही. पण आपल्याकडे अजून नव्वदीच्या माणसाला "पडून राहा" हाच सल्ला.

कठड्याचं पत्र यासाठीच लिहिलं होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा सुटलाय आणि तो दोन वर्षं निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला आहे. काकू तिथे पोचल्या की हात कठड्यावरून काढून भिंतीला लावतात. भिंतीवर त्या उंचीला त्यांच्या पंजाचा काळपट डाग पडलाय. "आता इमारत पडणारच आहे, खर्च कशाला" हे उत्तर मला मिळालं. इमारत पडायला अजून दीड वर्ष आहे. काकूंना पडायला एक संध्याकाळ पुरेल.

आता पोरांकडे. "आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून." ही पाटी 2019 मध्ये लागली. एका गाडीची काच फुटली, साडेचार हजारांचा फटका बसला आणि भांडण पोलिसांपर्यंत जाता जाता राहिलं. गाडीवाल्यांची बाजू मला समजते, माझी स्कूटर त्याच रांगेत असते. पण त्या दिवसापासून आपल्या 28 बिऱ्हाडांतली पोरं कुठे खेळतात? शाळेत पीटीचा तास गणिताला जातो (मी स्वतः दिलेत, परीक्षा जवळ आल्यावर, नाही म्हणायची टाप नव्हती). घरी आली की क्लास. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी पाचवीच्या मुलांना आडव्या बारला नुसतं लोंबकळायला सांगायची. पूर्वी पोरं उतरायला तयार नसायची. नंतर नंतर पाच आकडे मोजायच्या आत हात सुटायचे. बोटांवर लेखणीचा घट्टाही नाही आणि बारचाही नाही.

हाडांचं गणित तर पीएफसारखं आहे. उड्या मारा, पळा, लंगडी घाला, तेवढी रक्कम पंचविशी-तिशीपर्यंत जमा होते. पुढे फक्त काढायची. बायकांची तर पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं भराभर काढली जाते. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दम लागेल असं हलायला हवं, आठवड्यातले तीन दिवस तरी उड्या-धावण्यासारखं हाडांना हिसका देणारं. हा तास ती खुर्चीवर बसून मोबाइलवर क्रिकेट खेळून भरणार नाहीत. पाटी काढा म्हणत नाही, तिच्यावर वेळ घाला. संध्याकाळी पाच ते सात, रबरी किंवा कापडी चेंडू, लगोरी, साखळी, विषामृत, डबा ऐसपैस. डबा ऐसपैसने आजवर एकही काच फुटलेली माझ्या ऐकिवात नाही. कान फुटायची वेळ येते, ते वेगळं.

नव्या नकाशात तेवढीही जागा नाही, हे समितीने नीट पाहिलंय का? गाड्यांसाठी तीन थरांचं यांत्रिक पार्किंग आहे, पोडियमवर कृत्रिम गवत आणि त्यावर "वॉकिंग ट्रॅक" लिहिलेली एक रेघ आहे. मी पावलांनी अंदाज घेतला, एक फेरी 40 पावलांची होईल. मातीचा तुकडा एकही नाही. शेवगा जातोय, ते मी बोलत नाही, बोलले तर हे पत्र संपायचं नाही.

आणि मग ते "फिटनेस सेंटर". 11 बाय 18 फूट. पत्रकावर एक मुलगी कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर पळतेय. ओळखीच्या एका टॉवरमध्ये असंच सेंटर आहे. दोन ट्रेडमिल, एक बंद पडली, दुरुस्तीचा करार कोणी करायचा यावर समितीत दोन गट, आणि चालू असलेलीच्या दांडीवर पावसाळ्यात टॉवेल वाळतात. आपल्या लोकांना यंत्रं कधी लागली होती? दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून चालू आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून. तिथल्या पोरांची शरीरं कशावर घडली? लाकडी खांब, दोर, माती, जोर-बैठका. मी मल्लखांब जमिनीत पुरा म्हणत नाही, चाळिशीतल्या बँकवाल्याला दोरावर चढवून ऑर्थोपेडिककडे पाठवायचं नाही मला. पण त्याच 11 बाय 18 मध्ये यंत्रं न घेता लाकडी फळ्यांची जमीन, भिंतीला आडव्या काठ्या, एक बार, चार सतरंज्या आणि मोठ्या दोन खिडक्या मागा. बिल्डरला स्वस्त पडेल, तुम्हाला दुरुस्ती नाही, आणि आठ वर्षांच्या पोरापासून काकूंपर्यंत सगळ्यांना त्यात काहीतरी करता येईल. ट्रेडमिलवर काकू चढणार आहेत का?

मधल्या वयाच्या बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यांना कोणीच काही सांगत नाही आणि त्या कोणाचं ऐकत नाहीत. "दिवसभर पायावरच तर असते मी!" हे मी रोज ऐकते. खरं आहे, 6:12 च्या लोकलपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत. त्याने थकवा येतो, दंडामांड्यांत ताकद येतेच असं नाही. गाडीत दोन तास उभं राहून पोटऱ्या दुखतात, छातीचा भाता मात्र हलत नाही. जगभरच्या आकडेवारीचा एक अभ्यास 2024 मध्ये आला. त्यानुसार 2022 साली भारतातल्या प्रौढांपैकी 49.4 टक्के लोकांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. पुरुष 42 टक्के, बायका 57. आपल्याकडे काय चित्र आहे ते गेल्या श्रावणात कळलं. मंगळागौरीला बी विंगमध्ये फुगडी सुरू झाली. साठीच्या तिघी गरागरा फिरल्या, पस्तिशीच्या चौघी एका फेरीत सोफ्यावर. "काकू, तुम्ही काय खाता हो?" म्हणे. खाण्याचा काय संबंध! त्या तिघींनी लहानपणी विहिरीचं पाणी ओढलंय, उकिडवं बसून केर काढलाय आणि झिम्मा-फुगडी वर्षातून एकदा नाही, महिनाभर खेळलीय.

या बायकांना जिमची मेंबरशिप परवडली तरी वेळ परवडत नाही. त्यांना घराच्या दारात, पंधरा-वीस मिनिटं, आणि कोणी टक लावून बघणार नाही अशी जागा हवी. ती जागा आजही आहे. गच्ची. पण किल्ली सचिवांकडे, आणि ती पापड वाळवायला मिळते, सूर्यनमस्काराला मिळत नाही. रथसप्तमीला मी मागितली होती. "टाकीत कोणी काही टाकलं तर जबाबदार कोण?" टाकीला कुलूप लावा ना! गच्चीला कशाला? सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 6 ते 8 गच्ची उघडी ठेवायचा ठराव करा. त्यासाठी पुनर्विकासाची वाट बघायला नको. किल्लीची जबाबदारी लेखी माझ्या नावावर टाका.

पुरुषमंडळींना एवढंच, की शनिवारी टर्फवर दोन तास क्रिकेट आणि उरलेले सहा दिवस खुर्ची, हे गुडघ्यावर उठतं. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं हालचाल हवी, ती वाटून घ्या. जेवणानंतर खालीवर दोन फेऱ्या मारल्यात तरी साखर हळू चढते, कारण चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. डॉक्टरांनी कोणाला पथ्य सांगितलं असेल त्यांनी ते विचारून करावं. बाकी कोणाला विचारायला नको.

बिल्डरकडे अजून मागण्यासारखं बरंच आहे. कॉर्पस फंड, वाढीव जागा, मॉड्युलर किचन, ते तुम्ही भांडून घ्यालच, आणि घ्यावंच. मी या पत्राने ठरावासाठी तीन गोष्टी ठेवते आहे आणि सभेत त्या मांडणार आहे. समोर दिसणारा, उजेडाचा जिना. पार्किंगच्या एका रांगेइतकी उघडी माती, निदान पंचवीस बाय चाळीस फूट, जिच्यावर गाडी येणार नाही. आणि फिटनेस सेंटरऐवजी मोकळी खोली. यासाठी काही गाड्यांची जागा कमी होईल, हे मला कळतं. कोणाच्या गाडीची, यावर भांडण होईल, हेही कळतं. चिठ्ठ्या टाका. माझी स्कूटर पहिली काढा, मी बाहेर लावीन आणि चालत येईन.

येत्या रविवारची सभा तुम्ही गच्चीवर ठेवली आहे, दहा वाजता. काकूंना यायचं आहे, त्यांना या सभेत मतदान करायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत 38 पायऱ्या, त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागेल, म्हणून आम्ही दोघी साडेनऊलाच निघू. गच्चीचं कुलूप तेवढं त्याआधी काढून ठेवा. आणि सभा संपल्यावर खाली जाताना पहिल्या मजल्याच्या वळणावर सगळ्यांनी एकदा कठड्याला हात लावून बघा. सुताराचा नंबर माझ्याकडे आहे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची एक सभासद
(निवृत्त क्रीडाशिक्षिका, वय 67)